गोदाकाठची उलटी होडी

जालन्यात होडी बाळगायची म्हटले की ऐकणारा आधी हसतो. समुद्र तीनशे किलोमीटरहून दूर आणि उन्हाळ्यात टँकर दाराशी! तरी जिल्ह्याची दक्षिण हद्द आखते ती गोदावरीच. जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी या बंधाऱ्यांची दारे पावसाळा सरताना टाकली की मागे संथ पाणी तुंबून राहते. उतारवयात वल्ह्याची होडी बाळगावी ती अशा पाण्यावर. त्याचे कारण निसर्गसौंदर्य नव्हे. निवृत्त माणसाला वेळेची वाण नसते, वाण असते वेळेवर करायच्या कामाची, आणि लाकडी होडी ते काम लावते. कोकणात पावसाच्या तोंडावर होड्या वर ओढतात, नारळी पौर्णिमेला दर्यात लोटतात. गोदाकाठी पंचांग उलटे: उन्हाळ्यात होडी काठावर पालथी, पूर ओसरला की पाण्यात. वैशाखात फळ्या वाळून आक्रसतात, सांध्यांत नख शिरेल एवढी फट पडते. तिच्यात कापसाची वात ठासायची, वरून डांबर भरायचे, मग पाण्यात सोडून लाकूड फुगेपर्यंत थांबायचे. तोवर होडी गळणारच. डबा घेऊन पाणी उपसत बसावे लागते. रक्तदाबाच्या गोळीसारखे हेही चुकवून चालत नाही, फक्त चवीला बरे.

कुणी म्हणेल, हे पोट भरलेल्यांचे चोचले. खरे आहे, इथल्या भोयांनी नाव हौसेने चालवली नाही, आणि पुलांनी त्यांचे उतारू नेले तेव्हा कुणी हळहळले नाही. म्हणून मासेमारी करणाऱ्यांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये आणि जाळ्यांच्या दोऱ्या कुठून जातात हे शिकवणाऱ्या जुन्या नावाड्याला रीतसर रोज द्यावा. दुष्काळाचा आक्षेप मात्र मला पटत नाही. २०१२-१३ ची होरपळ जालनेकर विसरलेले नाहीत. पण वल्ह्याची होडी पाणी पीत नाही की त्यावर तेलाचा तवंग सोडत नाही. उलट पातळी वीतभर उतरली तर ते आधी होडीवाल्याच्या ध्यानात येते. राहिला वयाचा प्रश्न. ब्रिटिश जीन सॉक्रेटिस यांनी २०१९ मध्ये, ७७ व्या वर्षी, शिडाच्या बोटीतून एकटीने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. तो अपवाद आपल्याला गिरवायचा नाही. त्यातून घ्यायचे एवढेच, की पाण्यावर मनगटापेक्षा अंदाज जास्त कामाला येतो. लाइफ जॅकेट घालावे, वारा उठायच्या आत काठ गाठावा. एखाद्या वर्षी दारे टाकण्याइतके पाणीच येणार नाही आणि होडी काठावर पालथी पडून राहील. फटी तेव्हाही भराव्या लागतील.