करवानी आणण्याआधी

चि. छोटीस,


इंदापूरकडच्या शेतावर तुम्ही करवानी कुत्रा पाळणार हे तुझ्या आईकडून कळलं होतंच. पाठोपाठ तुझा मेसेज आला. त्यात पिलाचा व्हिडिओ, त्याची किंमत आणि खाली दोन प्रश्न: शिकारी कुत्रा निवडायचा कसा आणि त्याला शिकार शिकवायची कशी? फोनवर सांगितलं असतं तर तू "हो मामा, हो मामा" करत निम्मं कानाआड केलं असतंस, म्हणून लिहितो आहे. जावईबापूंनाही वाचायला दे. वस्तीवर आणखी कुणी पिलू घ्यायच्या बेतात असेल तर त्यालाही दाखव, त्यात गुपित काही नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे. करवानीला शिकार शिकवावी लागत नाही. तीन महिन्यांचं पिलू वाऱ्यावर उडालेल्या प्लास्टिकच्या पिशवीमागे ज्या तऱ्हेने झेपावतं, ते बघितलंस की तुला पटेल. हा डोळ्याने शिकार करणारा कुत्रा. साहेबी अमदानीत इकडे पक्ष्यांच्या शिकारीसाठी आणलेले पॉइंटर वास घेत रान धुंडाळायचे, पक्षी सापडला की जागच्या जागी ताठ उभे राहायचे. त्यांचं शिक्षण मोठं किचकट. आपल्या माळावरच्या कुत्र्याचं तसं नाही. त्याचं डोकं लांबट आणि अरुंद असतं. अशा कुत्र्यांच्या डोळ्याच्या पडद्यावर नजरेच्या पेशींची आडवी पट्टीच दाट असते, त्यामुळे क्षितिजाच्या रेषेवर काही हललं रे हललं की ते त्याला दिसतं. तोच ससा ढेकळात दबून बसला तर मात्र हाकेच्या अंतरावरूनही त्याला पत्ता लागत नाही. आणि पळणं म्हणशील तर भरधाव असताना एकेका ढांगेत दोनदा त्याचे चारही पाय जमीन सोडतात. एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले असताना आणि एकदा पुरते ताणलेले असताना. हे कुठल्या मास्तराने शिकवायचं?

मग जुनी माणसं शिकवत काय होती? तुझ्या आबांना मी जतच्या माळावर लहानपणी पाहिलंय. ते दोन गोष्टी शिकवायचे, थांबणं आणि परतणं. गळपट्ट्याच्या कडीतून दोरी नुसती ओवलेली असायची, गाठ नाही. दोन्ही टोकं आबांच्या मुठीत. पुढे माणसं काठ्यांनी गवत बडवत जायची. ससा उठला की कुत्र्याच्या मांड्यांचे स्नायू कातडीखाली थरथरताना स्पष्ट दिसायचे, कान मागे चिकटायचे, पण तोंडातून आवाज नाही आणि दोरीला हिसका नाही. सशाला पुरेसं अंतर मिळाल्यावरच आबा एक टोक सोडून "छू" म्हणायचे. कुत्रे सोडायचे ते जोडीने, कारण ससा सरळ पळत नाही, एकदम वळण घेतो. एका कुत्र्याने वळवायचा आणि दुसऱ्याने गाठायचा. जो दोरी ताणून गळा आवळून घ्यायचा किंवा आधीच भुंकायचा, त्याला आबा घरी राखणीला ठेवत. आणि ससा निसटला तर दोन्ही कुत्री एका शिट्टीवर मागे यायला हवीत, नाहीतर पुढच्या गावाच्या शिवारात जाऊन कुणाची तरी शेळी धरायची.

आता तुझ्या प्रश्नातल्या 'शिकार' या शब्दाकडे येतो. ते दिवस गेले, आणि गेले ते बरं झालं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आधी शिकारीवर परवान्याचं बंधन घातलं आणि 1991 च्या दुरुस्तीने हौशी शिकार पुरती बंद केली. त्या कायद्यातली शिकारीची व्याख्या जावईबापूंना मुद्दाम वाचायला लाव. त्यात मारणं तर आहेच, पण पाठलाग करणं, हाकणं, सापळा लावणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं हेही शिकारच आहे. म्हणजे तुझ्या कुत्र्याने चिंकाऱ्याला शिवलंसुद्धा नाही, पण तुम्ही हौसेने त्याच्यामागे सोडला, तरी गुन्हा झाला. तुमचं शेत कडबनवाडीच्या गवताळ रानापासून किती लांब आहे? तिथे चिंकारा आहे, खोकड आहे, लांडगा आहे, ससे तर बांधाबांधाला. लोकांना वाटतं जंगल म्हणजे झाडी. म्हणून माळाला ओसाड म्हणायचं आणि तिथे कुत्रं मोकळं सोडलं तर काय बिघडलं म्हणायचं! बिघडतं ते असं: मोकाट कुत्र्यांकडून डिस्टेंपरसारखे रोग खोकडा-लांडग्यांना लागतात आणि पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्धही झालंय. तेव्हा रात्री कुत्रा कुंपणाच्या आत. कुंपण सहा फुटांचं तरी हवं. चार फुटांचं हा उभ्या उभ्या ओलांडतो.

तू विचारशील, मग असला कुत्रा पाळायचाच कशाला? मी म्हणतो, पाळ. दख्खनच्या माळाने घडवलेलं हे जनावर आहे, उन्हाला आणि भाकर-ताकाला सरावलेलं. पण आबांच्या शिकवण्यातला मारण्याचा भाग आता वजा झालाय, थांबण्या-परतण्याचा भाग तेवढा उरलाय. आणि माझं मत विचारशील तर कसब त्यातच होतं.

आता निवड. व्हिडिओतल्या पिलाला विसर. पहिली गोष्ट, ते जेमतेम पाच आठवड्यांचं दिसतंय आणि 2017 च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिलू विकायला बंदी आहे. बंदी उगाच नाही. आईपासून आणि भावंडांपासून लवकर तोडलेल्या पिलाला चावा किती हलका असावा हे कळत नाही, ते भावंडंच शिकवतात. दुसरी गोष्ट, व्हिडिओत त्याची आई कुठेच नाही. शर्यतीच्या नादात आपल्याकडे करवानीत ग्रेहाउंडचं रक्त सर्रास मिसळलं जातं आणि पिलू करवानी म्हणूनच खपवलं जातं. पळतं ते झकास, पण आणखी पातळ कातडीचं आणि नाजूक निघतं. म्हणून आईबाप डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत. केनेल क्लबचं नोंदणीपत्र असेल तर चांगलं, पण कागदावर आईबापांची नावं असतात, स्वभाव नसतो. हीच कुत्री एका क्लबाच्या वहीत कॅरव्हान हाउंड आहेत आणि दुसऱ्याच्या वहीत मुधोळ हाउंड. त्या भांडणात तू पडू नकोस. मुधोळच्या मालोजीराजे घोरपड्यांनी विलायतेच्या बादशहाला जोडी भेट दिली म्हणतात, 2005 साली पोस्टाच्या तिकिटावर हा कुत्रा आला, 2016 मध्ये त्याची पिल्लं मेरठला लष्कराच्या केंद्रात गेली. हे सगळं विकणारा तुला ऐकवेल. ऐक, मान डोलव आणि आई कुठे आहे ते विचार.

आई समोर आली की तिला हात लावू नकोस, लांब बस. करवानी परक्याच्या अंगचटीला येत नाही, तो त्याचा स्वभावच आहे, दोष नव्हे. पण ती शेपूट पोटात घालून कोपऱ्यात दबली किंवा विनाकारण अंगावर आली, तर उठून निघ. भित्र्या आईची पिल्लं भित्री निघतात, थोडी रक्तातून आणि थोडी तिचं बघून. मग पिल्लांचं खाणं बघ. आबा पिलाला हात लावण्याआधी दाव्याने बांधल्यासारखे घटकाभर बांधावर बसून राहायचे. सगळ्यांना ढकलून ताटलीवर तुटून पडणारं पिलू लोकांना आवडतं, आबांना आवडत नसे. मधलं बघायचे. एक स्टीलची ताटली जमिनीवर टाक. दचकतील सगळीच; पण दचकून थांबलं, वळून पाहिलं आणि वास घ्यायला परत आलं, ते आपलं. चेंडू किंवा चिंधी घरंगळव. नजर तिच्यावरून हटत नाही असं पिलू मिळालं तर पळण्याची चिंता मिटली. पण तेच पिलू तू टाळी वाजवल्यावर तुझ्याकडे वळतं का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुझ्या शेजारी चिंकारा राहतो.

शरीराचं थोडक्यात. हिरड्या गुलाबी हव्यात. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं असेल तर जंत. बेंबीला गाठ नको. पंजे घट्ट मिटलेले, वरचे दात खालच्या दातांना लगटून पुढे. छाती खोल आणि कंबर आत ओढलेली हे पिलात नीट कळत नाही, ते आईबापांत बघ. रंगाला एक पैसासुद्धा जास्त देऊ नकोस. काळा शुभ की बदामी शुभ हे विकणाऱ्याचे खेळ.

पिलू घरी आलं की पहिले दीड-दोन महिने फार मोलाचे. साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत जे ओळखीचं होतं ते जन्माचं ओळखीचं राहतं. त्या काळात त्याला शेळ्या, कोंबड्या, ट्रॅक्टर, पाव्हणेरावळे, शाळेची पोरं सगळं दाखवायचं. शेळीच्या गोठ्यात दोरीने धरून बसवायचं. शेळी हलली आणि ते गप्प राहिलं की तोंडात उकडलेल्या काळजाचा तुकडा. ते झेपावलं तर ओरडायचं नाही, चार पावलं मागे घ्यायचं आणि पुन्हा बसायचं. लसींचं वेळापत्रक दवाखान्यातून घे, पिलू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस चुकवू नकोस आणि लसी पुऱ्या होईपर्यंत गावातल्या मोकाट कुत्र्यांत सोडू नकोस.

बोलावण्याची शिट्टी एकच ठेव, घरातल्या सगळ्यांची तीच. सुरुवातीला ती जेवणाच्या ताटलीबरोबरच वाजव. पुढे वीस-पंचवीस फुटांच्या लांब दोरीवर. आला की काहीतरी चविष्ट मिळालंच पाहिजे आणि मिळाल्यावर पुन्हा मोकळं सोडलं पाहिजे. लोक इथेच घोटाळा करतात: बोलावतात ते साखळीला बांधायलाच, किंवा चार शिव्या द्यायला. कुत्रा हिशेब मांडतो आणि यायचा बंद होतो. सहा महिन्यांनंतर वर्षभर तो बहिरा झाल्यासारखा वागेल. तेव्हा दोरी पुन्हा लांब कर, काठी उचलू नकोस. मार खाल्लेला करवानी आठवडाभर रुसतो आणि हाताला भितो, मग ती शिट्टी कायमची फुकट गेली. तरी एक कबूल करून टाक: ससा पायाखालून उठला तर कितीही शिकवलेला करवानी शिट्टी ऐकेलच याची खात्री कुणी देऊ नये. उघड्या माळावर दोरी, कुंपणाच्या आत मोकळा.

पळायला तर त्याला हवंच, नाहीतर पलंग फाडेल. लांब बांबूला दोरी, दोरीला पोत्याचा तुकडा, आणि तो जमिनीवरून फरफटवायचा. आधी "थांब", तुकडा हलत असताना थांबायचं, मग "छू". आबांचा सगळा धडा यात आला, ससा सोडून. रोज थोडाच वेळ, सकाळी ऊन चढण्याआधी. वर्षभराचा होईपर्यंत आखूड वळणं नकोत. हाडांची टोकं तोवर कोवळी असतात, सांधा दुखावला तर जन्माचा लंगडा. पळून आल्यावर जीभ लांब बाहेर, हिरड्या गडद लाल आणि चाल डुलती दिसली तर अंगावर पाणी ओत, वारा घाल आणि दवाखाना गाठ. जत्रांतल्या शर्यतींना नेण्याचा आग्रह जावईबापूंचे मित्र करतील. पुढे जिवंत ससा सोडतात तिथे उभंही राहू नका.

उसातल्या रानडुकरांसाठी कुत्रा हवा, असं तुझ्या सासऱ्यांचं म्हणणं असल्याचं कळलं. करवानी त्या कामाचा नाही. डुक्कर सुळ्याने त्याची ती पातळ कातडी उभी फाडतं. असे कुत्रे मी जनावरांच्या दवाखान्यातल्या नोकरीत टाक्यांसाठी टेबलावर घेतलेत. रान राखायला सौर झटक्याचं कुंपण घाला आणि नुकसान झालं की पंचनामा करून वनखात्याकडे भरपाईचा अर्ज टाका.

शेवटचं, नसबंदीचं. पैदास करायची नसेल तर वेळेवर करून घ्या. पण भूल देण्याआधी डॉक्टरांना आठवण कर, की ही सडपातळ जात आहे, अंगात चरबी नाही, जुन्या पद्धतीच्या थायोपेंटोनची भूल यांच्या अंगातून लवकर उतरत नाही. आणि रक्ततपासणीत तांबड्या पेशींचं प्रमाण जास्त आलं तर घाबरू नका, ग्रेहाउंडच्या कुळातल्या कुत्र्यांत ते असतंच. डॉक्टर म्हणाले, मला शिकवता का, तर माझा नंबर द्या. मी त्यांच्याशी आमच्या भाषेत बोलेन.

जावईबापूंना नमस्कार, पोरांना पापा.

तुझा,
मामा
जत