लाईट

रायगड जिल्ह्यातल्या नेरे गावात पहिला पाऊस माथेरानच्या डोंगरावरून उतरतो. आधी वारा सुटतो, मग पंख्याची घरघर मंदावते आणि घराघरांतून एकच हाक उठते, "लाईट गेली!" वीज गेली असं कुणी म्हणत नाही. वीज त्या वेळी प्रबळगडावर कडाडत असते. ती पडते, शेतातल्या माणसाचा जीव घेते. तिचं नाव भिंतीवरच्या बटणाला द्यायला आपली जीभ धजली नसावी, असं मला वाटतं. म्हणून परका शब्द घरात घेतला आणि माहेरवाशिणीसारखं त्याला येणं-जाणं दिलं.

लाईट येते, जाते, डिम होते. एक फेज गेला की अर्ध्या आळीत असते, अर्ध्या आळीत नसते. साडीचा रंग लाईट हवा असतो तो शब्द निराळा, त्याला हा जिव्हाळा नाही. देवापुढचा दिवा आपण मालवतो, शांत करतो; लाईट मात्र बिनदिक्कत घालवतो. तरीही तिन्हीसांजेला ट्यूब लागली की आजी हात जोडते. समईचा मान तिने त्या नळीला कधीच देऊन टाकला आहे, आणि मला ते फार योग्य वाटतं.

रायगड जिल्ह्याने लाईट दुरून बघितली ती पिढ्यान्‌पिढ्या. १९१५ साली खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाटाखाली कोसळू लागलं आणि त्यावर मुंबईच्या गिरण्या फिरू लागल्या. तारा याच, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून गेल्या, पण इथल्या बहुतेक गावांत रॉकेलच्या चिमण्याच जळत राहिल्या. स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं. ज्या घाटाने पाणी दिलं त्याच्या पायथ्याशी इतका काळ अंधार असावा, हे मला अजून सलतं. म्हणूनच "आमच्याकडे लाईट आली" हे वाक्य जुनी माणसं लग्नाची तिथी सांगावी तसं सांगतात.

१९६०मध्ये राज्य वीज मंडळ, म्हणजे एमएसईबी, झालं, २००५मध्ये त्याच्या कंपन्या झाल्या. आता बिलावर महावितरण असतं, तरी खांबावर चढणारा माणूस गावाला 'एमएसईबीवाला'च. डीपी उडाली की भर पावसात तो येतो, दांड्याने फ्यूज काढतो, आणि खाली छत्री धरून उभं असलेलं कुणीतरी विचारतं, "दादा, किती वेळ लागेल?"

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. खांब आडवे झाले, श्रीवर्धन-मुरूडकडच्या वाड्यांत कितीतरी दिवस अंधार राहिला. महिनाभर तिकडे फोन लागला की तब्येतीची चौकशी नंतर, आधी "लाईट आली का गं?" पलीकडून उत्तर यायचं, "खालच्या आळीत आलीय. आमच्याकडे उद्या येईल म्हणतात."