खोक्यावरचं नाव आणि आतली चिप

आमच्या शाळेच्या संगणक खोलीत देणगीत आलेली पाच जुनी यंत्रं आहेत. त्यांच्या सीड्या कधीच हरवल्या होत्या. सुट्टीत आलेल्या भाच्याने त्यांच्यावर लिनक्स घातलं आणि पाचही यंत्रांचं नेटवर्क लगेच सुरू झालं. "मामू, ड्रायव्हर आतच असतो," तो म्हणाला. आत म्हणजे नेमका कुठे? भाषा शिकवणाऱ्याला ही सवयच. शब्द भेटला की तो कोशात कुठल्या पानावर बसतो, ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

त्याने लॅपटॉपवर लिनक्सच्या मूळ कोडचं झाड उघडलं. 'आर्च' या फांदीत प्रोसेसरच्या जातीनुसार वेगळा होणारा कोड. 'ड्रायव्हर्स' ही फांदी सगळ्यांत दांडगी. तिच्यात 'नेट', त्यात 'इथरनेट' आणि मग कंपन्यांची नावं: इंटेल, ब्रॉडकॉम, रिअलटेक. ही कंपनीवार मांडणी २०११ची. त्याआधी इथरनेट कार्डांच्या बहुतेक फायली 'नेट'मध्येच खच्चून भरलेल्या होत्या.

आमच्या कार्डाच्या खोक्यावर भलत्याच कंपनीचं नाव होतं, पण आतली चिप रिअलटेक ८१३९. ड्रायव्हर बोलतो तो चिपशी, खोक्याशी नाही. त्यामुळे रिअलटेकच्या कप्प्यातली एकच फाईल वेगवेगळ्या नावांनी विकल्या गेलेल्या कार्डांना चालते. (माझं नाव वाचून "तुम्ही मराठी शिकवता?" असं विचारणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं. असो.)

मग '८३९०' नावाचा कप्पा दिसला. कंपन्यांच्या रांगेत हा आकडा कसा? ही नॅशनल सेमीकंडक्टरची चिप. तिच्या धर्तीवर इतक्यांनी कार्डं काढली, की ती कोणा एकाच्या घरात टाकणं अवघड. म्हणून कप्प्याला चिपचंच नाव दिलं. नियम मोडला, आणि बरं केलं. आमच्या ग्रंथालयात उर्दू-मराठी शब्दकोश कुठल्या कपाटात ठेवायचा, यावर दरवर्षी वाद होतो. त्याला वेगळा खण द्या असं मी कधीचा म्हणतोय.

'डेक' नावाचाही कप्पा आहे. डिजिटल इक्विपमेंट ही कंपनी १९९८मध्ये कॉम्पॅकने घेतली, २००२मध्ये कॉम्पॅक एचपीत गेली. दुकान उठलं, पाटी राहिली. मला ते योग्यच वाटतं. पाटी बदलली की शोधणाऱ्याची वाट चुकते.

पण कोड एकाच झाडात ठेवण्याचा खरा फायदा वेगळा आहे. आतलं एखादं फंक्शन कोणी बदललं, तर ते वापरणारे झाडातले सगळे ड्रायव्हर त्यानेच दुरुस्त करायचे, अशी तिथली रीत. आमच्या जुन्या कार्डाची काळजी अशी परस्पर घेतली जाते. झाडाबाहेर ठेवलेल्या ड्रायव्हरला हा आधार नाही.

तरीही ही हमी कायमची नाही. 'मेंटेनर्स' नावाच्या फाईलमध्ये कुठला कोड कोण सांभाळतं ते लिहिलेलं असतं. कोणीच नसेल तर शेरा असतो 'ऑर्फन'. यतीम. हा शब्द कोडच्या फाईलमध्ये भेटेल असं वाटलं नव्हतं. असा कोड पुढे काढूनही टाकतात.

"आणि आपल्या कार्डाचं असं झालं तर?"

"कोणी अजून वापरतंय, तपासून कळवतंय असं दिसलं, तर काढताना विचार करतात मामू."

आता नवी आवृत्ती आली की नववीची मुलं आधी एकाच यंत्रावर घालून बघतात. नेटवर्क चाललं की नाही ते वहीत लिहितात, आणि काही बिघडलंच तर भाच्याला फोन लावतात.