दिल्लीदरबारी बॉस

बॉस मूळचा चेन्नईचा. सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेच्या तिथल्या केंद्रात तो वाढला आणि २००७ साली कामाला लागला. पूर्ण नाव भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स. घराणं डेबियनचं, म्हणजे लिनक्समधलं खानदानी. पण त्याला पोसणारं खातं दिल्लीत, लोधी रोडवरच्या सीजीओ कॉम्प्लेक्समधल्या इलेक्ट्रॉनिक्स निकेतनात. त्यामुळे त्याच्या बढतीचं जे काय व्हायचं ते दिल्लीच्या फायलींमध्येच.

माणूस सोशिक. जुनंपुराणं यंत्र पुढ्यात ठेवलं तरी कुरकुर करत नाही. काम अर्धवट असताना ‘अपडेट चालू आहे, थांबा’ म्हणून तोंड फिरवत नाही. पेन ड्राइव्हवरून आलेले विंडोजचे व्हायरस त्याच्या अंगाला चिकटत नाहीत. भाषा तर अनेक येतात, त्यात मराठीही. इनस्क्रिप्ट कळफलक आधीपासून बसवलेला: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. ‘दुसऱ्या’ लिहायचं तर शिफ्ट धरून जे दाबा, मग हलन्त, मग य. डोळ्यांवरच्या पापणीसारखा तो ‘ऱ’ नीट उमटतो. दिल्लीत बसून मराठी लिहिणाऱ्याला याचं अप्रूप किती, हे पुण्यात बसून कळायचं नाही.

मात्र शेजारच्या टेबलावरच्या हिंदी टंकलेखकाची बोटं रेमिंग्टन कळफलकावर घडलेली आणि त्याच्या साऱ्या जुन्या नस्त्या कृतिदेव फाँटमध्ये. तो फाँट बॉसच्या घरी नसेल तर उघडलेल्या नस्तीत नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं सांडलेली दिसतात. दोष बॉसचा नाही, पण शिव्या त्यालाच.

प्रिंटरचं तेच. कचेऱ्यांतून आणि झेरॉक्सच्या दुकानांतून दिसणारे काही स्वस्त, छोटे लेझर प्रिंटर लिनक्सला सहज दाद देत नाहीत, कारण त्यांचा ड्रायव्हर मुळात विंडोजसाठी लिहिलेला असतो. त्यात डिजिटल सहीचा डोंगल. निविदा भरायची शेवटची वेळ दुपारी तीनची, आणि पावणेतीनला डोंगल ओळख द्यायला तयार नाही. असं एकदा झालं की त्या विभागात बॉसचं नाव काढायची सोय राहत नाही.

कागदोपत्री मान भरपूर. मार्च २०१५ मध्ये केंद्र सरकारने मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचं धोरणच जाहीर केलं: खरेदीत अशा सॉफ्टवेअरला प्राधान्य द्या, वगळलंत तर कारण द्या. आता कारण देण्यात दिल्लीचा हात कोण धरणार? इकडे बॉसच्या आवृत्त्या निघतच होत्या: तरंग, अनंत, तेजस, सवीर, अनोखा, अनूप, दृष्टी, उन्नती. नवं नाव मिळालं, खुर्ची तीच.

त्याची खरी फजिती नेहरू प्लेस या दिल्लीच्या संगणक-बाजारात. इतर शहरांत निदान ‘फुकट आहे’ एवढं तरी त्याच्या बाजूने सांगता येतं. इथे जुना लॅपटॉप घेतला की दुकानदार विचारतो, “सर, विंडोज डाल दूँ?” आणि वेगळे पैसे मागतोच असं नाही. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधींच्या बदनाम बाजारांच्या यादीत नेहरू प्लेसचं नाव अनेकदा झळकलं, ते उगाच नाही. चोरीची विंडोज असताना फुकटच्या बॉसची किंमत काय? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज दहाचा आधार संपला. विंडोज अकराच्या अटींत न बसणाऱ्या चांगल्या चालत्या यंत्रांना खरं तर तेव्हाच बॉसची गरज होती. पण दुकानदाराने काहीतरी जुगाड करून अकराच चढवली. बिघडलं तर दुरुस्त करणारा पोऱ्या विंडोजचाच जाणकार. लिनक्सचा इलाज त्याच्याकडे नाही, आणि शिकावा एवढी गिऱ्हाइकंही नाहीत.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये साउथ ब्लॉकमधून बातमी आली. संरक्षण मंत्रालय इंटरनेटला जोडलेल्या संगणकांवर ‘माया’ ही ऑपरेटिंग सिस्टिम बसवणार. ही उबुंटूच्या घरची, म्हणजे डेबियनच्याच पुढच्या पिढीतली. बॉसची नातलगच म्हणा. सोबत ‘चक्रव्यूह’ नावाचं संरक्षक कवच. तिला आवडीनिवडीच्या परीक्षेला बसावं लागलं नाही. सायबर हल्ल्यांची धास्ती होती आणि वरून हुकूम होता. प्रिंटर चालत नसेल तर प्रिंटर बदलायचा, ही मुभा हुकमाबरोबर येते. बॉसच्या वाट्याला शिफारसपत्रंच जास्त आली.

तरी तो निकामी आहे, हे मला पटत नाही. ज्याचं काम ब्राउझर, पत्रव्यवहार आणि मराठी-हिंदी मजकूर एवढ्यावर भागतं, त्याने बॉसला खुशाल घरी आणावं. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहावं, प्रिंटर जोडून एक पान काढावं, मगच डिस्कवर जागा द्यावी. विंडोजवरच्या टॅलीत हिशेब ठेवणाऱ्याचं यंत्र मात्र आहे तसं राहू द्यावं. मार्चअखेरीला तर त्याला हातही लावू नये.