खर्जाची चाकरी

गाण्याच्या कार्यक्रमात काही माणसे दिसण्यासाठी आलेली असतात आणि काही ऐकू येण्यासाठी. याखेरीज एक तिसरी जात आहे. ती धड दिसत नाही, धड ऐकूही येत नाही. मात्र ती मध्येच उठून गेली, तर काहीतरी बिघडले आहे असे साऱ्या मांडवाला वाटू लागते, आणि काय बिघडले हे कोणालाच सांगता येत नाही. मी त्या तिसऱ्या जातीचा. मी बास गिटार वाजवतो.

पोटासाठी मी शाळेत शिकवतो आणि ज्यांनी पोट भरत नाही अशा कादंबऱ्या लिहितो. उरलेल्या संध्याकाळी वसई-विरारच्या मांडवांतून, सभागृहांतून आणि चर्चमधून ही चार तारांची चाकरी चालते. वर्गातल्या एका मुलाने मला एकदा मोठ्या काळजीने विचारले होते, "सर, तुमच्या गिटारीच्या दोन तारा तुटल्यात का?" त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. साध्या गिटारीला सहा तारा; बासला चारच, पण जाड आणि एक सप्तक खालच्या. सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. हा स्वर कानाच्या आधी छातीला कळतो. तालवाद्य आणि गाणे यांच्यामधली जी जमीन असते, ती तो सारवून ठेवतो.

आता प्रश्न असा, की या एका कामासाठी माणसाला किती वाद्ये लागतात? तबलजीला हा प्रश्न कोणी विचारीत नाही. गायकाची पट्टी बदलली की तबला बदलायचा, हे सर्वांना मान्य आहे. त्याच्या पिशवीतून तीन तबले निघाले तर लोक कौतुकाने पाहतात. बास गिटारवाल्याने मात्र दुसरी गिटार घरात आणली, की उंबऱ्यातच चौकशी सुरू होते. "अहो, पण ही आणि ती सारखीच तर दिसते!" हे आमच्या घरचे वाक्य. दिसायला त्या सारख्याच, हे मी नाकारीत नाही. जुळ्या बहिणीही सारख्याच दिसतात; पण एकीला दिलेले स्थळ दुसरीला चालतेच असे नाही.

माझ्याकडे येणारी बोलावणी चार प्रकारची. पहिले गणेशोत्सवातले ऑर्केस्ट्रा: जुनी हिंदी गाणी, समोर खुर्च्या, आणि रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद करायचा म्हणून साडेनऊपासून पोलिसांकडे लागलेले कार्यकर्त्यांचे डोळे. दुसरे लग्नसमारंभ: तिथे लोक ऐकायला आलेले नसतात, नाचायला आलेले असतात. तिसरे चर्चमधले गायन: लहान जागा, लहान पेटीचे स्पीकर, आणि मिस्सेच्या मध्ये वाद्याने मान खाली घालून राहावे अशी अपेक्षा. चौथे, आणि सर्वांत विरळ, भावगीते आणि अभंगांचे कार्यक्रम. या चार घरी एकच पाहुणा एकाच पोशाखात जाऊ शकेल का, हा माझा अनेक वर्षांचा अभ्यासविषय आहे.

माझी सर्वांत जुनी गिटार चार तारांची. तिच्या कुळाची कथा सांगण्यासारखी आहे. पूर्वी खर्जाचे काम करणाऱ्याला माणसाहून उंच असा उभा डबल बास खांद्यावर वाहून न्यावा लागे. इतके करूनही गर्दीत तो ऐकू जात नसे, आणि त्याला पडदे नसल्यामुळे बोट जरा सरकले की स्वर सरके. कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर नावाच्या गृहस्थाने यावर तोड काढली. हा मनुष्य वादक नव्हता. त्याचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. त्याने १९५१ साली गिटारीसारखी गळ्यात अडकवायची, पडदे असलेली, विजेवर बोलणारी बास बाजारात आणली आणि तिचे नाव 'प्रिसिजन' ठेवले. प्रिसिजन म्हणजे अचूकपणा. पडद्यामागे बोट ठेवा, स्वर बरोबरच येणार, असा त्यात दिलासा होता. घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत मोकळ्या तारेची लांबी त्याने ३४ इंच धरली. आजही बहुतेक बास गिटारी तेच माप पाळतात.

माझी गिटार त्याच घराण्यातली, पण गरीब शाखेतली. तिच्यावर मी सपाट वेटोळ्यांच्या तारा चढवल्या आहेत. या तारा हाताला गुळगुळीत लागतात आणि त्यांचा स्वर गोल, जरा दबका येतो. नव्या गोल वेटोळ्यांच्या तारेसारखा तो खणखणत नाही. जुन्या हिंदी गाण्यांना हाच स्वर शोभतो. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बास गिटार वाजवीत. त्या गाण्यांतून बास वजा करून पाहा, निम्मा झोका नाहीसा होईल. अमेरिकेत डेट्रॉइट शहरी मोटाउन कंपनीची १९६० नंतरची कितीतरी गाजलेली गाणी जेम्स जेमर्सन या एका माणसाने प्रामुख्याने एका प्रिसिजन बासवर वाजवली, तीही उजव्या हाताच्या तर्जनीने. तारा तुटेपर्यंत तो त्या बदलीत नसे असे सांगतात. एका बोटाचा आणि एका वाद्याचा हा संसार आठवला, की दुकानाच्या काचेतून आत पाहणारा माझा लोभ थोडा वेळ खाली मान घालतो.

थोडाच वेळ. कारण मध्यंतरी चर्चमधल्या गायनासाठी मला छोट्या मापाची एक जर्मन गिटार घ्यावी असे फार वाटत होते. होफ्नर कंपनीने १९५६ मध्ये व्हायोलिनच्या आकाराची, पोकळ अंगाची बास काढली. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हँबुर्गमध्ये ती घेतली. ते डावखुरे, दोन्ही अंगांनी सारखी असलेली ही गिटार उलटी धरली तरी वेडीवाकडी दिसत नाही, हाही तिचा एक गुण. हलकी, आखूड, लाकडी मऊ स्वराची. पण मी एक दिवस स्वयंपाकघरातला नवा स्पंज बोटभर कापून माझ्या जुन्या गिटारीच्या घोडीपाशी तारांखाली सरकवला. स्वर चटकन आखूड झाला, ठुप्प असा येऊ लागला आणि लगेच विरू लागला. चर्चला हवा होता तो हाच. जर्मन गिटारीचे काम दोन रुपयांच्या स्पंजवर भागले. घरात या शोधाचे जेवढे स्वागत झाले, तेवढे माझ्या एकाही कादंबरीचे झालेले नाही.

दुसरी गिटार पाच तारांची. ही चैन नव्हती, गरज होती. आपल्याकडचे गायक पट्टीचे राजे असतात. मूळ गाणे कुठल्याही पट्टीत असो, आज गळा बसला आहे, काळी एकमध्ये घ्या, असे व्यासपीठाच्या पायरीवर सांगतात. चार तारांच्या गिटारीची सर्वांत खालची तार पांढरी तीनला मिळवलेली. म्हणजे काळी एक किंवा पांढरी दोनच्या गाण्यात तळाचा षड्ज हाताशीच नसतो; तो वरच्या सप्तकातून उसना आणावा लागतो. खालची तार उतरवून घेता येते, पण दोन गाण्यांमधल्या अर्ध्या मिनिटात, निवेदकाच्या विनोदांवर लोक हसत असताना, ते काम सुखाचे नसते. पाचवी तार आली की ही अडचण संपते. ती सेकंदाला सुमारे ३१ कंपनांपर्यंत खाली उतरते. लग्नाच्या मांडवात पुरुषभर उंचीच्या स्पीकरमधून तो स्वर निघाला, की खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्यांचेसुद्धा पाय हलू लागतात.

तिचे उणेपणही सांगायला हवे. ती जड. तिची मान रुंद, आणि माझा पंजा आखूड. तिच्या पोटात नऊ व्होल्टचा सेल. वायर खोचलेली राहिली तर कार्यक्रम नसतानाही तो सेल संपतो. लहान स्पीकरवर तर पाचवी तार वाजली काय आणि न वाजली काय. ३१ कंपने त्या पेटीतून बाहेरच पडत नाहीत. वरच्या स्वरांशांवरून आपला कान तळाचा स्वर मनाने जुळवून घेतो. शिवाय वसई रोडला संध्याकाळच्या विरार लोकलमधून तिला पाठीवर घेऊन उतरणे हा एक स्वतंत्र व्यायाम आहे. पण पैसे तीच आणीत होती. गेल्या वर्षी मला आलेल्या ३६ बोलावण्यांपैकी २५ पाचव्या तारेसाठी होती. ऑर्केस्ट्राचे चालक फोनवर माझी प्रकृती विचारीत नसत, "सर, पाच तारांची आणाल ना?" एवढेच विचारीत.

तिसरी बिनपडद्याची. फेंडरने दिलेला अचूकपणाचा दिलासा हिने परत घेतला आहे. पडदे नाहीत, बोट जिथे पडेल तो स्वर. जॅको पास्टोरियस या अमेरिकन वादकाने १९७६ साली आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत पडदे काढून टाकलेल्या बासवर असे काही गायन केले, की त्या काळपर्यंत पाठीमागे उभा राहणारा हा नोकर बैठकीत येऊन बसला. आपल्या गाण्याला तर ही गिटार जन्मतःच जवळची. पडद्यावरून एका स्वरातून दुसऱ्या स्वरात जाताना पायऱ्या लागतात; हिच्यावर घसरता येते, मींड घेता येते. अभंगात गायक कोमल निषादावरून धैवतावर उतरत असताना खालून खर्जानेही तसेच उतरावे, यासारखे सुख मला दुसरे माहीत नाही. पण मोठ्या मांडवात ड्रमच्या गदारोळात आपला स्वतःचा स्वर ऐकू येत नाही, आणि न ऐकता बिनपडद्याची वाजवणे म्हणजे डोळे मिटून सुई ओवणे. म्हणून ती वर्षातून दोनदा, फार तर तीनदा बाहेर पडते.

यंदा वैशाखात हिशेब मांडायची वेळ आली. कादंबरी अर्ध्यावर अडली होती. एका ऑर्केस्ट्राने सबंध मोसमाचे चाळीस कार्यक्रम देऊ केले; अट एकच, पाच तारा. व्यवहार सांगत होता, की दोनदा बाहेर पडणारी गिटार विकावी आणि पंचवीसदा बाहेर पडणारी ठेवावी. शाळेत मी नफातोट्याची गणिते शिकवतो. उत्तर मला येत होते.

पण गिटारी भिंतीला टेकवून त्यांच्यासमोर बसलो तेव्हा लक्षात आले, की वाद्य ही नुसती वस्तू नाही, ते एक वचन आहे. पाच तारांची घरात आहे तोवर चाळीस रात्रींना मी होकार देऊनच बसलेलो आहे. फोन फक्त तारीख कळवायला येतो. तिच्या स्वराचा मला कंटाळा नव्हता. तिच्यामागून येणाऱ्या रात्री मला पुरवत नव्हत्या. रात्री दीडला घरी येऊन सकाळी सातच्या प्रार्थनेला उभे राहणे पंचविशीत शौर्य वाटते. चाळिशी उलटल्यावर ती फक्त झोप असते, न झालेली. कोणती गिटार ठेवायची हे ठरवता ठरवता मी कोणाला नाही म्हणणार हे ठरवीत होतो. आणि 'नाही' हा शब्द मला तोंडाने कधी नीट उच्चारता आलेला नाही. तो हातानेच उच्चारावा लागला.

पाच तारांची मी विकली. घेतली ती माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने, हप्त्यांवर. सही-कागद काही नाही. त्याचा पंजा मोठा आहे. तिची रुंद मान त्याच्या हातात लहान दिसते. पैसे मोजून घेताना घरात कोणी "सारखीच तर होती" असे म्हणाले नाही. उलट, "तुम्हांला चालेल ना?" असा प्रश्न आला. चालेल म्हणालो.

गणपतीत मी प्रथमच प्रेक्षकांत बसून ऑर्केस्ट्रा ऐकला. माझ्या जागी तो विद्यार्थी उभा होता. पांढरी दोनमधले गाणे आले आणि तळाचा षड्ज जमिनीतून माझ्या चपलांत शिरला. मला हेवा वाटला. तो लपवण्यात अर्थ नाही. तो स्वर आता माझ्या घरात नाही आणि परत यायचाही नाही. शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ पायाने ठेका धरून बसले होते. ते पूर्वीही असेच बसत असतील. हात बदलले आहेत हे त्यांच्या गावीही नव्हते. थोड्या वेळाने माझाही पाय हलू लागला.

चालकांचा फोन त्यानंतर आलेला नाही. महिन्याचा हिशेब जरा ओढून बसवावा लागतो. जुनी चार तारांची नाताळासाठी स्पंजासह तयार आहे. बिनपडद्याची आता भिंतीवर खुंटीला असते, आणि शाळा सुटल्यावर, लिहायला बसण्यापूर्वी, मी तिच्यावर अर्धा तास एकच काम करतो: षड्जावर बोट ठेवतो आणि ते खरोखर षड्जावर पडले आहे का, ते ऐकतो. पावसाळ्याच्या दमट हवेत लाकडाने जागा थोडी बदललेली असते. ती रोज नव्याने शोधावी लागते.