थायलंडला जायचे, तर तयारी आजपासूनच!

परदेश म्हटला की आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी एकच नाव येई : रंगून. त्याला कारणही तसेच होते. डिसेंबर 1954 मध्ये परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी ब्रह्मदेशात रंगूनला गेले. तेथून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना त्यांनी 25 डिसेंबर 1954 रोजी देहूरोडला केली. पुढे 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात त्यांना दीक्षा देणारे भदंत चंद्रमणी महास्थविर हेही मूळचे ब्रह्मदेशाचेच.

म्हणून यवतमाळच्या पाटीपुऱ्यातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या आम्हा काही कुटुंबांच्या मनात पहिला विचार आला तो ब्रह्मदेशाचाच. पण फेब्रुवारी 2021 मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि देश यादवीत सापडला. 28 मार्च 2025 च्या भूकंपात मंडाले व सागाईंग भागातले अनेक विहार कोसळले. अशा ठिकाणी बायकामुलांना घेऊन जाणे बरे नव्हे. म्हणून शेजारचा थायलंड नक्की केला. तो देशही आपल्याला परका नाही. 2023 साली थायलंडचे शंभराहून अधिक भिक्खू परभणीहून मुंबईच्या चैत्यभूमीपर्यंत पायी चालत आले होते. 2024 साली भारतातून तथागतांच्या आणि सारिपुत्त-मोग्गलान यांच्या अस्थी दर्शनासाठी तिकडे नेल्या, तेव्हा लाखो लोक रांगेत उभे राहिले.

आधी कागद

यवतमाळ जिल्हा नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. मोठ्या माणसाचा 36 पानी साधा पासपोर्ट 1500 रुपयांत निघतो आणि 10 वर्षे चालतो. जन्माचा दाखला नाही म्हणून आजी-आजोबांनी मागे राहू नये. 1 ऑक्टोबर 2023 पूर्वी जन्मलेल्यांना शाळेचा दाखला, पॅन कार्ड, मतदार ओळखपत्र असा जन्मतारखेचा दुसरा पुरावाही चालतो. आपल्याकडे खरी अडचण नावाची असते. आधारवर सासरचे आडनाव, दाखल्यावर माहेरचे, आणि जन्मतारीख दोन्हीकडे वेगळी! ही दुरुस्ती आधी करून घ्यावी. तिला महिने लागतात.

व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी थायलंडच्या वकिलातीकडून खात्री करावी. 1 मे 2025 पासून प्रत्येक पाहुण्याला पोहोचण्याच्या आधीच्या 3 दिवसांत एक डिजिटल फॉर्म भरावा लागतो. तो फुकट आहे. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नयेत.

आणखी एक सूचना, विशेषतः तरुणांच्या आईबापांना. थायलंडमध्ये मोठ्या पगाराची नोकरी, तिकीट फुकट, असे कुणी सांगितले तर सावध राहा. अशा आमिषाने नेलेल्या कितीतरी भारतीय मुलांना सीमेपलीकडे ब्रह्मदेशातल्या फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबून ठेवले होते. 2025 साली सरकारला विमाने पाठवून शेकडो मुलांना परत आणावे लागले.

मग पैसा

आमचा हिशेब कारकुनी आहे. माणशी दरमहा 1500 रुपये, असे 3 वर्षांत 54,000 होतात. ही रक्कम बँकेत वेगळ्या खात्यात, दोघांच्या सहीने. ज्याला दरमहा जमत नाही त्याने कापूस विकल्यावर एकदम भरावेत. पण कर्ज काढून कुणीही येऊ नये, हा आमचा पहिला नियम. आपल्या जिल्ह्यात कर्जाने काय केले ते आपण उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे.

थायलंडमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सुखाची असते. पण नोव्हेंबर-डिसेंबरात आमच्या माताभगिनी वेचणीला असतात आणि तेव्हा गेले तर मजुरी बुडते. म्हणून फेब्रुवारी ठरवला. त्या सुमारास येणारी माघ पौर्णिमा तिकडे राष्ट्रीय सुट्टीचा दिवस असतो. ज्यांची मुले दहावी-बारावीला आहेत त्यांनी मात्र पुढच्या वर्षी यावे.

वर्धेहून रेल्वेने हावडा, कोलकात्यात कॉलेज स्क्वेअरला महाबोधी सोसायटीच्या विहाराचे दर्शन, आणि तेथून अडीच-एक तासांत विमानाने बँकॉक, असा मार्ग आहे.

काय पाहायचे

एका पर्यटन कंपनीचे पत्रक आम्ही वाचले. त्यात पाच दिवसांपैकी तीन समुद्रकिनारा व बाजार आणि विहारांना एक दुपार! आम्ही आमची यादी केली. बँकॉकच्या वाट फो विहारातली 46 मीटर लांबीची महापरिनिर्वाण मुद्रेतली मूर्ती. नाखोन पाथोमचा सुमारे 120 मीटर उंच स्तूप. 1350 ते 1767 पर्यंत राजधानी असलेले अयुथ्या, जिथे झाडाच्या मुळांनी बुद्धांचे मस्तक वेढून धरले आहे.

त्याहून मोलाचे आहे ते लोकांचे रोजचे वागणे. पहाटे भिक्खू भिक्षेला निघतात आणि बाया दारात अन्न घेऊन उभ्या असतात. तरुण मुले काही आठवड्यांसाठी चीवर घेतात, आपल्या श्रामणेर शिबिरासारखे. सरकारी कागदांवर बुद्धवर्ष असते : इसवी सनात 543 मिळवायचे. त्रिसरण-पंचशील पालीतच आहे, उच्चार तेवढे निराळे.

काही गोष्टी मात्र खटकतील. घरापुढे भूतात्म्यांची छोटी देवळे दिसतील. राजवाड्यातल्या विहाराच्या भिंतींवर रामायण रंगवलेले आहे. बँकॉकच्या भर चौकात ब्रह्मदेवाचे देऊळ आहे, तेही 1956 सालचे! त्याच वर्षी आपण नागपुरात 22 प्रतिज्ञा घेत होतो. त्यांच्याशी वाद घालायला आपण जात नाही. पण आपला धम्म बाबासाहेबांनी विवेकाच्या चाळणीतून गाळून दिलेला आहे, हे मुलांना तिथेच उभे राहून समजावून सांगावे.

खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावेत, स्त्रियांनी भिक्खूंना स्पर्श करू नये, मूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये. येताना विहारासाठी बुद्धमूर्ती आणायची इच्छा प्रत्येकाला होणारच. पण तिकडच्या ललितकला विभागाच्या परवान्याशिवाय मूर्ती देशाबाहेर नेता येत नाही. पावती आणि परवाना घेऊनच आणावी.

पुढच्या पौर्णिमेला वंदनेनंतर आम्ही विहारात सर्वांचे कागद तपासायला बसणार आहोत. ज्यांना यायचे आहे त्यांनी आधार आणि शाळेचा दाखला घेऊन यावे. जयभीम!