तारेला खुपसलेली पत्रं

वाईच्या आमच्या घरात माजघराच्या दाराशी एका खिळ्याला तार लटकवलेली असे. खाली लाकडाची गोल चकती, वर आकडा. आलेलं पत्र सगळ्यांचं वाचून झालं, की वडील ते त्या तारेत खुपसत. पोस्टकार्डं, निळी आंतर्देशीय, कोपऱ्याला हळदकुंकू लागलेल्या लग्नपत्रिका, असं सगळं एकावर एक. कोणी गेल्याचं पत्र मात्र तारेवर कधी चढलं नाही. ते उंबऱ्याबाहेर उभ्यानेच वाचायचं आणि तिथेच फाडायचं. वर्ष संपलं की तो गठ्ठा उतरवून सुतळीने बांधायचा आणि माळ्यावरच्या ट्रंकेत टाकायचा. ‘इकडील सर्व कुशल’ वगैरे झालं की खरा मजकूर सुरू होई, आणि पान संपलं तरी तो संपत नसे. समासात आडवा चाले. आंतर्देशीयच्या घडीची पट्टी आम्हा पोरांची. तिच्यावर आम्ही काकांना परीक्षेचे मार्क कळवायचो.

ती ट्रंक यंदा उघडली. त्याच दिवसांत मी रात्री एका परक्या घरातली पत्रं वाचत होतो. घर अलेक्झांडर ग्रॅहम बेलचं. टेलिफोनचं पेटंट घेणारा आणि त्यावर कंपनी उभी राहिलेली पाहणारा हा माणूस आणि त्याची माणसं मिळून सुमारे दीड लाख कागद मागे ठेवून गेली. त्याचा जावई गिल्बर्ट ग्रोव्हनर ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाचा संपादक. त्यामुळे हे कागद बरीच वर्षं वॉशिंग्टनला ते मासिक काढणाऱ्या संस्थेत सांभाळले गेले. १९७५ साली वारसांनी ते तिथल्याच लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिले. त्यातले काही हजार आता घरबसल्या पडद्यावर वाचता येतात. मला वाटलं होतं, आकृत्या असतील, करारमदार असतील, कोर्टकज्जे असतील. ते आहेतच. पण मी अडकलो तो पत्रांत. आईची मुलाला, मुलाची बापाला, सासऱ्याची जावयाला, आणि सगळ्यांत जास्त नवराबायकोची.

ज्या घरातून टेलिफोन निघाला, त्या घराने इतकं लिहावं कशाला?

उत्तर एका बाईत आहे. मेबल हबर्ड पाच वर्षांची असताना स्कार्लेट ताप आला आणि तिचं ऐकणं कायमचं गेलं. बेल बॉस्टनमध्ये बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवायचा. ती त्याची विद्यार्थिनी. १८७५च्या उन्हाळ्यात ती नॅन्टकेट बेटावर गेली होती. हा तिच्यामागे तिथवर गेला, भेट झाली नाही, तेव्हा मुक्कामाच्या हॉटेलात बसून त्याने तिला मनातलं सगळं लांबलचक पत्रात लिहून काढलं. त्याच नोव्हेंबरात, तिच्या अठराव्या वाढदिवशी, लग्न ठरलं. ‘अलेक’ या आपल्या घरच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधलं शेवटचं ‘के’ त्याने तिला आवडत नाही म्हणून टाकून दिलं. ११ जुलै १८७७ला लग्न झालं, त्याच्या दोनच दिवस आधी बेल टेलिफोन कंपनी स्थापन झाली होती, आणि तिच्यातल्या आपल्या १,४९७ शेअरांपैकी दहा स्वतःकडे ठेवून बाकीचे सगळे त्याने मेबलला लग्नाची भेट म्हणून दिले.

मेबल समोरच्याच्या ओठांवरून बोलणं वाचायची. टेलिफोनमध्ये ओठ दिसत नाहीत. बेलला ज्या एका माणसाला सर्वांत जास्त सांगायचं होतं, तिलाच त्याला कधी फोन करता आला नाही. त्याच्या आईलाही फारसं ऐकू येत नसे. लहानपणी तो तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या पट्टीत बोलायचा. म्हणून हे घर लिहीत राहिलं. रात्रीची जागरणं करून प्रयोग करू नकोस, दिवस लोळण्यात जातो, असं ती त्याला लिहिते. ते वाचताना मला आईचा आवाज ऐकू आला. बाई नुसती काळजी करणाऱ्यांतली नव्हती. १९०७ साली नवऱ्याला आणि त्याच्या तरुण सोबत्यांना विमान उडवायचं होतं, तेव्हा त्यांच्या मंडळासाठी वीस हजार डॉलर तिने स्वतःच्या पैशांतून घातले.

या सगळ्यांत एक पत्र मी तीनदा वाचलं. १० मार्च १८७६. बॉस्टनच्या एक्झिटर प्लेसमधल्या भाड्याच्या खोल्यांत त्या दिवशी बेलने यंत्रात तोंड घालून शेजारच्या खोलीतल्या आपल्या मदतनीसाला, वॉटसनला, हाक मारली, आणि वॉटसन आला. वहीत त्याची नोंद आहे, आकृतीही आहे. त्याच दिवशी त्याने कॅनडात राहणाऱ्या वडिलांना पत्र लिहिलं: पाणी आणि गॅस जसे नळीने घरोघर जातात, तशा तारा घरोघर जातील आणि मित्र घर न सोडता एकमेकांशी बोलतील. टेलिफोन बोलू लागल्याची बातमी बापाला पोचली ती टपालाने. दुसरी सोय नव्हतीच.

त्याची उपमा आमच्या गावात अर्धीच खरी झाली होती. नळ होते, फोन नव्हता. मुंबईत १८८२ सालीच टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं, पण ती तार आमच्या आळीत यायला शंभरावर वर्षं लागली. तोवर ‘तार आली’ म्हटलं की आजीच्या हातातलं भांडं खाली पडायचं. वडिलांच्या कार्डावर नंबरापुढे ‘पीपी’ असे, म्हणजे फोन शेजारच्या किराणा दुकानात. नागपूरच्या थोरल्या काकांचा ट्रंककॉल आला, की दुकानातला पोरगा पळत निरोप घेऊन यायचा आणि वडील बनियनवरच धावायचे. तीन मिनिटं. त्यातली दोन ‘ऐकू येतंय का?’ यात जायची. सारी पेठ ऐके इतकं मोठ्याने ते बोलत. परवा ट्रंकेत काकांचं एक पत्र सापडलं, ते असं सुरू होतं: काल फोनवर बोलणे नीट झाले नाही, सबब सविस्तर लिहितो. त्या काळचा फोन पत्राला मारत नव्हता, उलट आणखी एक लिहायला लावत होता. हे मी विसरूनच गेलो होतो.

मग स्टँडजवळ पिवळ्या पाटीचं एसटीडी बूथ आलं. काचेच्या खोक्यात लाल आकडे पळायचे. रात्री अकरानंतर दर पाव होई, म्हणून जेवून, गप्पा मारून, स्वेटर चढवून लोक रांगेत उभे राहत. १९९४ला आमच्याच घरी फोन आला. आईने त्याला क्रोशाचं झाकण विणलं. नंबर लिहायला एक डायरी आली, तिच्या कडेला अआइईच्या पायऱ्या कापलेल्या. ट्रंकेतले गठ्ठे त्या वर्षापासून बारीक होत गेलेत. आधीच्या वर्षांचे मुठीत मावत नाहीत. नंतरच्या एकेका गठ्ठ्यात चार-पाच कागद, तेही बहुतेक छापील पत्रिका. मग सुतळीच नाही.

फोनने नुकसान केलं असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. बहीण लग्न होऊन परदेशी गेली. पहिल्या बाळंतपणात आई तिच्यापाशी पोचू शकली नाही, तेव्हा रोज रात्री दोघी बोलत. डिंकाच्या लाडवात काय घालायचं, बाळाला टाळू कशी भरायची, सगळं आईने फोनवरून शिकवलं. पत्र गेलं असतं तर मूल रांगायला लागल्यावर पोचलं असतं. आई मधेच गप्प होऊन नातीचं रडणं ऐकत राहायची. ते सुख कोणत्या कागदाने दिलं असतं?

पण आईला जाऊन आता सहा वर्षं झाली. वीस वर्षांची ती बोलणी कुठे आहेत? बहिणीला विचारलं, तर तिला लाडू आठवतात आणि एक भांडण आठवतं. माझ्याकडे ती डायरी आहे. आईच्या अक्षरातली नावं आणि पुढे नंबर, कोणी गेलं की त्यावर एक रेघ. मुलांचं आणि माझं बोलणं तर हल्ली मोबाइलवरच्या निरोपांत असतं, आणि हँडसेट बदलला की मागचं सगळं जातं. मेबलचं जागरणावरचं रागावणं शंभराहून अधिक वर्षांनी मला वाईत बसून वाचता येतं, आणि माझ्या आईचं एक रागावणंही मला दाखवता येत नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

बेलला देव्हाऱ्यात बसवण्याचाही माझा हेतू नाही. बहिऱ्या मुलांनी तोंडानेच बोलावं, शाळेत खुणांची भाषा नको, यासाठी तो आयुष्यभर झगडला. १८८३ साली त्याने बहिऱ्यांच्या आपसांतल्या लग्नांविषयी भीती व्यक्त करणारा निबंध वाचला. बहिऱ्या समाजाच्या मनात त्याची चीड आजही आहे, आणि ती मला रास्त वाटते. गंमत अशी, की याच माणसाने आपल्या एका लहानग्या विद्यार्थ्यासाठी हातमोज्यावर अक्षरं लिहिली होती, त्या त्या अक्षराला बोट लावून बोलता यावं म्हणून. २ ऑगस्ट १९२२ला नोव्हा स्कोशियातल्या घरी तो गेला. सांगतात, की मेबलने ‘मला सोडून जाऊ नकोस’ म्हटलं, तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटेना. त्याने तिच्या हातातल्या बोटांनीच ‘नाही’ अशी खूण केली. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन एक मिनिट बंद ठेवले होते. मेबलच्या दृष्टीने ते मिनिट बाकीच्या मिनिटांसारखंच गेलं असणार. पाच महिन्यांनी तीही गेली.

काल रात्री ट्रंकेतला काकांचा गठ्ठा पुन्हा सोडला. तळाचं आंतर्देशीय १९८९चं. चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद. पाऊस बरा आहे, वहिनीचे गुडघे दुखतात, संत्र्याची पेटी रेल्वेने पाठवली आहे. मग ओळ सोडून, शाई बदलून: आपल्या घरी फोन आला. खाली नंबर, एकेक आकडा सुटा आणि ठसठशीत, खाली दोन रेघा. आता बारीकसारीक गोष्टींसाठी पत्राची वाट पाहत बसू नये. घडीची पट्टी मात्र नेहमीसारखी भरलेली: ता. क. पत्र पोचल्याचे कळवावे.

ते पत्र आलं त्या रात्री अकरानंतर वडील आणि मी स्टँडवरच्या बूथवर गेलो आणि फोनवर कळवलं.